चांदाची तारीख, भरतीची वेळ

दर्या आमच्या रक्तात आहे, असं आमच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. आम्ही म्हणजे चार घरं. एक अंधेरीत, एक बोरिवलीत, एक मुलुंडला आणि एक घाटकोपरला. मूळ एकच, श्रीवर्धनच्या अलीकडचं एक खाडीकाठचं गाव. पणजोबा मचव्याचे तांडेल होते. त्यांच्या पुढची पिढी आगबोटींवर गेली. कुणी सारंग झाला, कुणी टिंडल, कुणी इंजिनात आगवाला, कुणी भंडारी. मोगल लाइनच्या हाजी बोटींवर आमच्यातले दोघे होते. 1995 साली मुंबईहून जेद्द्याला जाणारी हाजी बोट बंद झाली, तेव्हा घरातला तो शेवटचा खारा धागाही तुटला. त्यानंतरची मुलं बँकेत, औषधांच्या कंपनीत, शाळेत लागली. आज चार घरांत मिळून एकतीस माणसं आहेत आणि 2024 सालच्या डिसेंबरात त्यांच्यातल्या फक्त पाचजणांना पोहता येत होतं. लग्नकार्यात जमलो की मात्र रक्तातल्या दर्याच्या गोष्टी रात्र रात्र चालायच्या.

18 डिसेंबर 2024 रोजी दुपारी चारच्या सुमाराला गेटवेवरून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची एक स्पीडबोट आदळली. तिच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि ताबा सुटला. 'नीलकमल'वर शंभराहून जास्त माणसं होती. पंधरा जीव गेले. ती चित्रफीत त्या रात्री आमच्या सगळ्यांच्या मोबाइलवर होती. सरळ येणारी, वळसा घेणारी आणि मग थेट कॅमेऱ्याकडे येणारी ती बोट. पाहिली नाही असं घर मुंबईत नसेल.

दुसऱ्या दिवशी बोरिवलीच्या आपांनी फर्मान काढलं, की त्यांच्या थोरल्या लेकीने नोकरी सोडायची. ती गोराई गावातल्या एका शाळेत शिकवते. बोरिवली पश्चिमेच्या गोराई जेट्टीवरून खाडी ओलांडायची, पलीकडून रिक्षा धरायची. खाडीचं अंतर मिनिटांचं. रस्त्याने जायचं तर भाईंदर-उत्तनचा वळसा, त्यात जाता-येता तीन तास मोडतात. म्हणजे बोट नको म्हणणं म्हणजे नोकरी नको म्हणणंच. मुलगी म्हणाली, "अम्मी, लोकलमधून पडून माणसं मरतात, तुम्ही मला लोकल सोडायला सांगितली नाही कधी." आपा म्हणाल्या, "लोकलची मला सवय आहे." त्या उत्तरात आमच्या पुढच्या वर्षभराचं सगळं काम होतं, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. भीती धोक्याच्या मापाने येत नाही, सवयीच्या मापाने येते. ज्याची ओळख नाही ते मोठं दिसतं.

आपांची भीती उगाच नव्हती, हेही सांगायला हवं. आमच्या घराने एक माणूस 'रामदास'वर घालवला आहे. 17 जुलै 1947, आषाढी अमावास्या. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' तासाभराच्या आत काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. महाराष्ट्रात तो दिवस गटारीच्या नावाने लक्षात आहे. गिरणीतले, गोदीतले लोक सणाला घरी निघाले होते. आमच्याकडे तो वेगळ्या कारणाने लक्षात आहे. रमजान दोन-तीन दिवसांवर आला होता आणि दादीचे थोरले दीर पहिला रोजा घरी धरायचा म्हणून निघाले होते. सोबत खजूर घेतल्याचं दादी सांगायची. बोटीवर वायरलेस नव्हता, त्यामुळे मुंबईला दुपार उलटेपर्यंत पत्ता नव्हता. मासे घेऊन येणाऱ्या कोळ्यांनी आपली मासळी पाण्यात टाकली आणि जागा करून माणसं वर ओढली, ही गोष्ट रेवस-अलिबाग भागात अजून सांगतात. आमचे दादा त्या माणसांत नव्हते.

'रामदास' उलटली कशी? पावसाचा मारा आणि एका बाजूने लाटा. भिजायला नको म्हणून, घाबरून, माणसं दुसऱ्या बाजूला सरकली. कलंडलेली बोट त्या वजनाने आणखी कलंडली. आता दुसरी तारीख पाहा. 13 जानेवारी 2018, डहाणू. महाविद्यालयातली चाळीसेक मुलं समुद्रात फेरी मारायला गेली, मोबाइलवर फोटो काढायला एका बाजूला जमली आणि बोट उलटली. तीन मुली गेल्या. मध्ये सत्तर वर्षं, आगबोटी गेल्या, मोबाइल आले, कारण तेच राहिलं. पाऊस चुकवायला सरकलेली माणसं आणि फोटोसाठी सरकलेली मुलं पाण्याच्या लेखी सारखीच, सरकणारं वजन.

हे आम्हांला समजावून सांगितलं घाटकोपरच्या खालूंनी. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. पस्तीस वर्षं जहाजांवर काढली आणि आता पूर्वद्रुतगती मार्गाच्या कडेला सातव्या मजल्यावर राहतात. फर्मानाच्या पुढच्या रविवारी त्यांनी सगळ्यांना बोलावलं. आपा रागातच आल्या. त्यांना वाटलं, खालू म्हणणार, घाबरायचं कशाला, आपण दर्यावाले. खालू म्हणाले, "दर्या कोनाचा नातलग नाय. रक्तात-बिक्तात काय नसतो. आमी जहाजावर भ्यायचो, म्हनून दर हप्त्याला ड्रिल करायचो."

मग त्यांनी ड्रिल सांगितली. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा. झोपेत असो, जेवत असो, नमाजात असो, तो ऐकला की जॅकेट घेऊन आपापल्या ठरल्या जागेवर. कुणी कुठल्या लाइफबोटीपाशी, कुणी दोर सोडायचा, कुणी माणसं मोजायची, सगळं आधी लिहिलेलं. 1912 साली 'टायटॅनिक' बुडाली त्यानंतर जगाने बसून हे नियम केले. खालूंच्या म्हणण्याप्रमाणे पहिल्या वर्षी भोंगा ऐकला की त्यांच्या पोटात गोळा यायचा, तिसऱ्या वर्षी कंटाळा यायचा. "कंटाला आला म्हंजे समजायचं, आता जमलं."

आमच्यातल्या शिकलेल्या मंडळींना हे फारच साधं वाटलं. आत्मविश्वास म्हटलं की आम्हांला भाषणं आठवतात, छाती पुढे काढणं आठवतं. वास्तविक ज्यांचं धाडस आपण वर्तमानपत्रांत वाचतो त्यांचीही गोष्ट अशीच कंटाळवाणी असते. कमांडर दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून 'म्हादेई' या शिडाच्या बोटीतून एकटे निघाले आणि पृथ्वीला फेरा घालून 19 मे 2010 रोजी परतले. भारतातले असे ते पहिलेच. कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची, बोट गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली. आपण हार घातलेला फोटो पाहतो. त्याआधीची वर्षं बोट बांधताना तिचा सांधा न् सांधा ओळखण्यात, इंग्लंडात रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे उमेदवारी करण्यात, आधी मॉरिशसपर्यंत जाऊन यायचं आणि परतीची वाट एकट्याने कापायची अशा तालमीत गेली. त्यांच्या मागून गेलेले अभिलाष टॉमी 2018 सालच्या सप्टेंबरात हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला वादळात सापडले, डोलकाठ्या मोडल्या, पाठ जायबंदी झाली. बिछान्यातून उठता येत नव्हतं, पण निरोप धाडण्याचं यंत्र हाताशी होतं आणि ते कसं वापरायचं हे हातांना माहीत होतं. तीन दिवसांनी फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. 2022 साली तीच शर्यत त्यांनी पुन्हा घेतली आणि 2023 साली दुसरे आले. आमच्या खाडीची त्यांच्या महासागराशी काय बरोबरी! पण हाताला माहीत असण्याची जी गोष्ट आहे ती दोन्हीकडे एकच.

खालूंनी पहिला धडा पाण्याचा दिला, आणि तो आम्हांला फार आवडला, कारण त्याचं अर्धं गणित आमच्या घरात आधीच होतं. कोकणात भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीला पाऊण पट करायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती पूर्ण. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बारा. दुसरी भरती त्यानंतर सुमारे साडेबारा तासांनी. पाचदहा मिनिटं, कधी अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण धक्क्यावर उभं राहायला एवढा अंदाज पुरतो. आता आमच्या घरात तिथी कुणाला ठाऊक नसते, चांदाची तारीख मात्र सगळ्यांना ठाऊक असते. चांद दिसतो तो प्रतिपदा-द्वितीयेच्या संध्याकाळी, म्हणून चांदाच्या तारखेत एक मिळवायचा की झाली तिथी. चौदा तारखेनंतर चौदा वजा करायचे. 2025 साली गुढीपाडवा 30 मार्चला होता आणि ईद 31 मार्चला, म्हणजे ईद द्वितीयेला. दोन पाऊणे दीड. ईदची भरती दुपारी दीडला, बासी ईदची सव्वादोनला. दर वर्षी, कोणत्याही महिन्यात ईद येवो, साधारण हेच.

हे गणित मांडलं आणि आमच्या अंगावर काटा आला. कारण ईदला काय करतो आपण? दुपारचं जेवण उरकतं, शीरखुर्मा होतो, आणि चारच्या सुमाराला पोरं जुहू, वर्सोवा, आक्सा, गोराई धरतात. अमावास्येनंतरचे हे दिवस उधाणाचे, पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप उतरतं. भरतीनंतर साधारण सहा तासांत पाणी ओसरतं, पण सारख्या वेगाने नाही. पहिला तास सुस्त, शेवटचा तास सुस्त, आणि मधल्या दोन तासांत निम्मं पाणी बाहेर जातं. ईदला हे मधले दोन तास म्हणजे साडेतीन ते साडेपाच. नेमका तोच आमचा पाण्यात उतरायचा वेळ. आक्साचं पाणी दगाबाज म्हणून बदनाम आहे. तिथल्या वाळूत खड्डे पडतात, ओढ असते, हे सगळं खरं. पण ही घड्याळाची बाजू मोहल्ल्यातल्या पोरांना कुणी सांगितलेली आम्ही ऐकली नाही. ईदच्या नमाजाआधी फित्र्याची आठवण करून देतात, त्याच वेळी भरतीची वेळ सांगायला एक मिनिट लागेल.

दुसरा धडा जॅकेटचा. 'नीलकमल'नंतर गेटवेवर सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला लावू लागले, पण जॅकेट अंगात अडकवणं वेगळं आणि घालणं वेगळं. खालूंनी एक जॅकेट मागवलं आणि घरातल्या प्रत्येकाला ते घालायला लावून मागून खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर उचललं. निम्म्याजणांची हनुवटी आत गेली. म्हणजे पाण्यात ते जॅकेट वर तरंगेल आणि माणूस त्याच्यातून खाली सरकेल. कमरेचा पट्टा आवळलेला हवा, मांड्यांमधून जाणारा पट्टा असेल तर तो लावलाच पाहिजे. पोरांना मोठ्यांचं जॅकेट देणं म्हणजे न देणं. आणखी एक गोष्ट आम्हांला नवी होती. लाँचच्या बंद, खालच्या भागात जॅकेट घालून बसलेला माणूस, बोट उलटली तर, त्याच जॅकेटमुळे छताला चिकटतो आणि दारापर्यंत बुडी मारून जाऊ शकत नाही. म्हणून बसायचं ते उघड्यावर, बाहेर पडायची वाट दिसेल असं. ऊन लागतं म्हणून आत बसायची आमच्या बायकांची सवय त्या दिवशी मोडली.

बायकांचा विषय निघाला तो बुरख्यापाशी अडला. अडणारच होता. घोळदार कापड पाण्यात पायांत गुंडाळलं जातं, साडीचं तेच, ओढणीचं तेच. खालूंनी हा विषय पुरुषांसमोर काढला म्हणून अंधेरीच्या चाची उठून आत गेल्या. पण आतून बायकांनीच तोडगा काढला. बोटीत बसायच्या दिवशी समोरून बटणं किंवा चेन असलेला, एका ओढीत उतरणारा बुरखा घालायचा, आणि जॅकेट त्याच्या आत नाही, वर. आत घातलेलं जॅकेट दिसत नाही आणि धरून ओढायला हाताला लागत नाही. ओढणीला गाठ नको. जीव वाचवताना पडदा सुटला तर त्याचा हिशेब खुदा ठेवणार नाही, हे चाचींनी स्वतःच दाराआडून सांगितलं. उंट आधी बांधायचा की तसाच खुदाच्या भरवशावर सोडायचा, या प्रश्नाचं उत्तर आमच्यात घरोघरी ठाऊक असतं. जॅकेटचा पट्टा हा आमचा उंटाचा दोर.

पोहण्याचं मात्र इतकं सरळ झालं नाही. मुलग्यांची आणि पुरुषांची सोय लगेच लागली. बायकांसाठी पालिकेच्या तलावांवर वेगळ्या वेळा असतात, पण त्या नोकरी करणाऱ्या बाईला सोयीच्या नसतात. एका तलावावर अंगभर पोहण्याच्या पोशाखाला नकार मिळाला. कापड पोहण्याचंच होतं, शिवण पोहण्याचीच होती, तरी नियम दाखवला गेला. तिथे वाद घालत बसायला वेळ नव्हता. दुसरीकडे, बायकांच्याच वेळेत, बायकाच शिकवणाऱ्या, तिथे सातजणी जाऊ लागल्या. चार महिन्यांनी त्यांतल्या तिघी बऱ्यापैकी पोहू लागल्या. उरलेल्या चौघींना एक गोष्ट आली, आणि शिकवणाऱ्या बाईंच्या मते तीच पहिली आहे: पाठीवर पडून, कान पाण्यात बुडवून, तोंड आभाळाकडे करून पडून राहणं. मुंबईच्या समुद्राचं पाणी थंडीने माणूस मरावा असं कधीच गार नसतं. तरंगता आलं आणि घाबरून हातपाय झाडले नाहीत, तर कुणीतरी येईपर्यंत वेळ मिळतो. 'नीलकमल'च्या दिवशी कुणीतरी आलंच होतं.

त्या येणाऱ्यांत एकाचं नाव आमच्या चारही घरांत पाठ आहे. मुंबई बंदराच्या 'पूर्वा' या पायलट बोटीचे आरिफ बामणे. ते आणि त्यांचे साथीदार काही मिनिटांत तिथे पोचले आणि पाण्यातली माणसं वर घेऊ लागले. त्यांत एक तीन-साडेतीन वर्षांची मुलगी होती, हालचाल नसलेली. त्यांनी तिची छाती दाबली, आणि श्वास परत आला. आपल्या नावाचा माणूस म्हणून आम्हांला अभिमान वाटला, हे खरं. पण खालू त्यावरही थांबले. म्हणाले, "त्याचा आडनाव बघू नुका. त्याचे हात काय करत होते तां बघा." अठरा वर्षं ते याच कामावर होते, असं त्यांनी वार्ताहरांना सांगितलं होतं.

म्हणून तिसरा धडा हातांचा, आणि तो मुलुंडच्या घरातल्या सुनेने दिला. ती भूलतज्ज्ञ आहे. बुडालेल्या माणसाला पालथं घालून पोट दाबायचं, उलटं धरून पाणी काढायचं, हे आमच्या गावाकडचं शास्त्र तिने पहिल्यांदा मोडीत काढलं. त्यात वेळ जातो आणि पोटातलं उलट छातीत शिरतं. बुडालेल्याला हवी असते हवा. म्हणून आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग छातीच्या मधोमध, मोठ्या माणसाची दोन इंच खाली जाईल इतक्या जोराने, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने दाबायचं. तीस दाब, दोन श्वास, पुन्हा तीस. उशीवर सराव करताना पोरं हसत होती. दोन मिनिटांत हात भरून आले तेव्हा हसायची थांबली. दोघांनी आलटून पालटून करायचं, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

तिने आणखी एक सांगितलं. बुडणारा माणूस सिनेमात ओरडतो, हात हलवतो. खरा बुडणारा ओरडत नाही. त्याला श्वासच पुरत नाही, तर ओरडणार कशाने. तो उभाच्या उभा असतो, तोंड पाण्याच्या पातळीला, डोळे काचेसारखे, आणि हे सगळं मिनिटाभरात संपतं. तेव्हा पोरं पाण्यात गप्प झाली की आधी बघायचं. आणि पोहता येत नसेल तर त्याच्यामागे उडी मारायची नाही. दोर फेका, ओढणी फेका, झाकण घट्ट लावलेला तेलाचा रिकामा कॅन फेका. बुडणारा धरायला मिळेल ते धरतो, आणि माणूस धरला तर दोघं जातात.

एवढं झाल्यावर धक्क्यावर जायचं ठरलं. पहिल्या रविवारी बोटीत बसलोच नाही, वर्सोव्याच्या जेट्टीवर नुसते तासभर उभे राहिलो. वर्सोवा-मढ फेरी पाच-सात मिनिटांची. माणसांबरोबर स्कूटर, मोटरसायकली, मासळीच्या पाट्या, सगळं चढतं. खालूंनी पोरांना कामाला लावलं: माणसं मोजा, बोटीवर लिहिलेला आकडा वाचा, जॅकेटं कुठे आहेत आणि गाठी मारून ठेवली आहेत का ते बघा, तळातलं पाणी बघा, तांडेल फोनवर बोलतो आहे का बघा. सगळ्यांत जास्त घोटाळा चढता-उतरताना होतो, हे आमच्या डोळ्यांनी दिसलं. ओहोटीला खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, त्यांच्यावर शेवाळ असतं, बोट वरखाली होते, आणि माणूस एका हातात मोबाइल, दुसऱ्यात पिशवी घेऊन उडी मारतो. दोन्ही हात मोकळे, हा नियम तिथेच झाला. बोट कलली तर उठायचं नाही, आहे तिथे खाली बसायचं आणि धरायचं, हा दुसरा. 'रामदास' आणि डहाणू ज्याच्या ध्यानात आहे त्याला हा वेगळा शिकवावा लागत नाही.

मग वर्सोवा-मढ झालं, मार्वे-मनोरी झालं. पावसाळ्यानंतर मुलुंडच्या मुलांना घेऊन ऐरोलीला गेलो. तिथून ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो पाहायला बोट निघते आणि तिची वेळ भरतीवर ठरते. नऊ वर्षांच्या पोरीने चांदाच्या तारखेवरून वेळ काढली, आणि खिडकीवरच्या माणसाने सांगितलेल्या वेळेशी ती वीस मिनिटांनी चुकली. ती हिरमुसली. आम्हांला मात्र फ्लेमिंगोपेक्षा ती वीस मिनिटं जास्त आठवतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला 2020 सालापासून जी मोटारी नेणारी मोठी बोट चालते तिच्यातूनही जाऊन आलो. ती 'रामदास'च्याच वाटेवरून जाते, हे दादीच्या वयाच्या कुणी जिवंत असतं तर सांगितलं नसतं. गेटवे ते घारापुरी अजून बाकी आहे. ते मुद्दाम मागे ठेवलं आहे, कुणी घाई करत नाही.

आता सगळ्यांच्या गळ्यात बोटीत बसताना शिट्टी असते आणि मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. त्यात तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 हे दोन आकडे घातलेले आहेत. शिट्टीवरून घाटकोपरच्या इमारतीतले लोक हसतात. हसोत.

बोरिवलीची लेक नोकरीवर आहे. गेल्या महिन्यात एकदा सकाळी बोट भरली होती, माणसं तरी चढतच होती. ती उतरली. तांडेल ओरडला, मागच्या माणसांनी नावं ठेवली, ओळखीची एक बाई म्हणाली, एवढी काय मरायला घाबरतेस. ती पुढच्या बोटीने गेली, वीस मिनिटं उशिरा, आणि शाळेत हजेरीवर लाल शेरा पडला. संध्याकाळी तिने हे घरी सांगितलं तेव्हा ती भ्याली होती की धीट झाली होती, यावर आमच्यात एकमत झालेलं नाही. खालू म्हणाले, भरल्या बोटीतून उतरायला चढण्यापेक्षा जास्त छाती लागते.

आपा अजून बोटीत बसलेल्या नाहीत. बसणारही नाहीत, असं म्हणतात. पण इशाची नमाज झाली की त्या कॅलेंडरावर चांदाची तारीख बघतात, बोटांवर पाऊणकी करतात, आणि लेकीला हाक मारून सांगतात, उद्या सकाळी सुकती आहे, पायऱ्या निसरड्या असतील, सपाट चप्पल घाल.